नोकरी बदलावी का? परिचारिकांनो, अनुभव लिहा

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), पुण्यात एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत सात वर्षं स्टाफ नर्स. गेल्या वर्षी इन्चार्जची जागा रिकामी झाली आणि माझ्यानंतर लागलेल्या बीएस्सीवालीला मिळाली. व्हेंटिलेटर तिला मीच शिकवला होता. आता दुसरीकडून डायलिसिस युनिटसाठी बोलावणं आलंय, पगार पाच हजारांनी जास्त. घरचे म्हणतात, घे. माझं मन धजत नाही. ज्यांनी नोकरी बदलली, किंवा बदलता बदलता थांबल्या, त्यांनी लिहा.

नागपूर
ताई, मी चार वर्षांत तीन रुग्णालयं बदलली. दर वेळी दोन-अडीच हजार वाढायचे आणि दर वेळी मी पुन्हा "नवीन सिस्टर" व्हायचे. दिवाळीत नाईट माझीच. चौथ्या मुलाखतीत मेट्रन मॅडमनी माझी अनुभव प्रमाणपत्रं टेबलावर ओळीने मांडली आणि विचारलं, "सलग आयसीयू किती?" अकरा महिने. बाकी कॅज्युअल्टी, मेल वॉर्ड, थोडं ओटी. त्या रागावल्या नाहीत, कागद गोळा करून परत दिले फक्त. घरी येऊन खूप रडले. मग पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी केली. दोन वर्षं पगार बंद, नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईवर घर चाललं. आज मी इन्चार्ज आहे. तुझी सात वर्षं एका जागची आहेत, पाच हजारांसाठी ती मोडू नकोस.

नाशिक
मी डायलिसिसमध्येच आहे, म्हणून लिहिते. काम आवडेल तुला. तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, चार-चार तास असतात, घरच्यासारखे होतात. आजींचा हात हातात घेतला की फिस्टुलाची (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीची) थरथर बोटांना लागते आणि सुई कुठून जाईल ते कळतं. नाईटही फार नाहीत. पण युनिट लहान, इन्चार्ज एकच, आणि त्या अजून बरीच वर्षं आहेत. तुला बोलावणं आलंय तिथे इन्चार्ज कोण, किती वर्षांपासून, हे आधी काढ.

लातूर
मी खाजगीतली आठ वर्षं सोडून सरकारी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स झाले. मूळ वेतन 35,400, वर भत्ते. घराचं कर्ज पास झालं ते याच पगारपत्रकावर. पण आधीची आठ वर्षं सेवाज्येष्ठतेत शून्य. परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज) कधी होईन ते यादी ठरवणार, माझा हात किती चालतो ते नाही. आयसीयूतली घडी इथल्या भरलेल्या वॉर्डात विस्कटली, त्याचं वाईट वाटतं. तरी पुन्हा हेच करेन. जायचं असेल तर वय बघ: खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43.

सांगली
मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. एकच सांगतो, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. माझी एका रुग्णालयाने बॉन्डच्या नावाखाली दहा महिने अडकवून ठेवली, त्यात सरकारी भरतीची कागदपत्र तपासणी हुकली. आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय बाहेर पडू नका.

मँचेस्टर
ओईटीत, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, रायटिंग पहिल्यांदा राहिलं, दुसऱ्यांदा निघालं. बारा वर्षांचा अनुभव घेऊन आले, पण पिन नंबर (इथली नर्स म्हणून नोंदणी) मिळेपर्यंत पगाराची श्रेणी बँड 4, मग बँड 5, म्हणजे सुरुवातीचीच पायरी. मात्र मुलाखतीत मला विचारलं ते सगळं आयसीयूचंच होतं, आणि तिथे माझी जीभ अडखळली नाही.

पुणे
सगळ्यांचं दोनदा वाचलं. नाशिकच्या ताईंचं ऐकून त्या रुग्णालयात फोन केला. त्यांच्या इन्चार्ज माझ्याच वयाच्या आहेत. नकार कळवला. उद्या ड्युटी संपली की मेट्रन मॅडमना भेटणार आहे: पोस्ट बेसिक करून आले तर परत घ्याल का, आणि घ्याल तर ते लेखी द्याल का. नागपूरच्या ताई, दोन वर्षं घर कसं चालवलंत, ते जरा सविस्तर लिहाल का?