फिरतीवरचे फोटो: काढणे, टिपणे, हलणे, फुटणे

घाटपायरी: नवं गाव बघताना चालता चालता, मांडामांड न करता काढलेल्या फोटोला मराठीत काय म्हणावं? 'स्नॅपशॉट' सगळ्यांना कळतो, पण मला मराठी शब्द हवाय. 'क्षणचित्र' कसा वाटतो?

टिपकागद: 'क्षणचित्रे' वर्तमानपत्रांनी केव्हाच पळवला. सभेत कोण उशिरा आलं, माईक कधी बंद पडला असल्या चार ओळींच्या चौकटीचं ते नाव आहे. त्यात फोटो असेलच असं नाही.

खरं म्हणजे इथे मराठीचं काम नामाने होत नाही, क्रियापदाने होतं. गाडीच्या वेळांचा फलक, लॉजचं दरपत्रक, बंद दुकानाच्या पाटीवरचा नंबर यांचा फोटो आपण 'काढून ठेवतो'. कोल्हापुरात भवानी मंडपासमोर उभं राहून दुसऱ्याकडून 'काढून घेतो'. आणि 'टिपतो' ते निसटणारं काहीतरी. पाखरू दाणा टिपतं, पदराने डोळे टिपतात, तसं नेमकं तेवढंच उचलणं त्यात आहे. म्हणून 'जोतिबाच्या यात्रेत उधळलेला गुलाल टिपला' बरोबर वाटतं आणि 'आधार कार्ड टिपलं' हास्यास्पद. तुमच्या फोटोला 'सहज काढलेला' म्हणा, पुरे.

लाल_माती: 'काढणे'त घोळ आहे की. 'भिंतीवरचा फोटो काढ' म्हटल्यावर माणूस स्टूल घेऊन येतो. आमच्यात 'मार की एक फोटो' म्हणतात, गोंधळच नाही.

टिपकागद: मान्य. पण काही जण म्हणतात ते 'फोटो खेचणे' मात्र हिंदीतल्या 'फोटो खींचना'वरून आलंय. बोलताना खपतं, लिहिताना मला खटकतं.

घाटपायरी: मग 'कॅन्डिड' म्हणजेही तेच का?

टिपकागद: नाही. कॅन्डिडमध्ये ज्याचा फोटो आहे तो बेसावध असतो. सहज फोटोत काढणाऱ्याची तयारी नसते, समोरचा हसून उभा असला तरी चालतं. लग्नाच्या अल्बममधले बरेचसे 'कॅन्डिड' सांगून, तीनदा वळायला लावून काढलेले असतात, ते सोडा.

डार्करूम: बिघडलेल्या फोटोंचे शब्द जास्त कामाचे आहेत, कारण चूक कुठे झाली ते त्यातूनच कळतं. पण लोक सगळ्यालाच 'ब्लर' म्हणून मोकळे होतात.

'हलला' दोन प्रकारचा. अख्खं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. रंकाळा तलावावर तिन्हीसांजेला फोनचा शटर 1/15 सेकंदापर्यंत उतरतो, म्हणजे तेवढा वेळ उघडा राहतो, तेव्हा कठड्यावर कोपरं टेकवायची किंवा 2 सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. कठडा, दिवे स्पष्ट आणि माणूसच फराटल्यासारखा असेल तर माणूस हलला, तिथे हात कितीही घट्ट धरून उपयोग नाही. चालणाऱ्याला निदान 1/250 लागतो, पळणाऱ्या पोराला 1/500 किंवा त्याहून वेगवान. नाइट मोड अनेक फोटो जोडून एक करतो, त्यात चालणारा माणूस भुतासारखा अर्धवट उमटतो.

'फोकस चुकला' वेगळं. मागची पाटी वाचता येते आणि चेहरा मऊ, म्हणजे फोकस मागे गेला. चेहऱ्यावर बोट टेकवून मग काढा.

तिसरा 'धुरकट'. दिव्यांभोवती वलय, सगळ्यावर पांढुरकी साय. नव्वद टक्के वेळा भिंगाला बोट लागलेलं असतं. मिसळ खाऊन उठल्यावर आधी हात धुवा, मग सुती कापडाने भिंग पुसा.

लाल_माती: आणि 'जळला'?

डार्करूम: उजळ भाग इतका पांढरा पडतो की त्यात काही उरतच नाही. नवीन राजवाड्यासमोर हमखास होतं. वास्तू काळ्या दगडाची. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा चालतो, काळा दगड चौकटभर आला की तो उजेड वाढवतो आणि मागचं आभाळ जळतं. आभाळावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. काळपट आलेला भाग नंतर बराचसा उघडता येतो, जळलेला परत येत नाही. मावळतीकडे पाठ करून उभ्या माणसाचं तोंड काळं येतं ते उलट कारणाने, मागचं झगझगीत आभाळ बघून कॅमेरा उजेड कमी करतो. त्याला 'जळला' म्हणू नका, 'अंधारला' म्हणा.

घाटपायरी: 'फोटो फुटला' म्हणजे?

डार्करूम: मोठा केल्यावर चौकोन दिसतात तो. फोनचा 12 मेगापिक्सलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 ठिपक्यांचा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू सुमारे 1600 वर येते. 4 बाय 6 इंची कॉपीला तेवढं चालतं, ए-फोर कागदावर इंचाला जेमतेम 137 ठिपके पडतात आणि फुटतो. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन बोटांनी झूम करून काढलेलाही असाच फुटतो, बऱ्याच फोनांत तो झूम म्हणजे नुसती कापणी असते. चार पावलं पुढे जाणं स्वस्त पडतं.

टिपकागद: 'छायाचित्र'बद्दलही कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. 'फोटो उजेडाचा, मग छाया कशाला, प्रकाशचित्र म्हणा' असा आक्षेप असतो. पण संस्कृतात छाया म्हणजे प्रतिबिंब आणि कांतीसुद्धा. तेव्हा शब्द चुकीचा नाही, फक्त बोलण्यातला नाही. 'जरा छायाचित्र काढता का' असं वाटेवरच्या माणसाला विचारलंत तर तो आधी तुमच्याकडे बघेल.

लाल_माती: 'शूट करू का' असंही विचारू नका. बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला ते हे कोल्हापूर, इथे शूटिंग म्हणजे पिक्चरचं. तालमीत गेलात तर आधी वस्तादांना भेटायचं आणि सरळ 'एक फोटो काढू का?' म्हणायचं. अंबाबाईच्या देवळात मात्र विचारूसुद्धा नका, आत फोटो काढू देत नाहीत.