कृष्णवर्णीय व्यावसायिक आणि सरकारी हमीचं कर्ज: त्या प्रतिसादाला उत्तर

जमाखर्च:
काल अमेरिकेतल्या धंद्यांच्या धाग्यावर सडेतोड यांनी लिहिलं, "इथे कातडी काळी असली की एसबीए कर्ज हातात आणून देते, आपण मात्र टॅक्स भरत राहायचं." तेव्हापासून डोकं तापलंय. दोन ओळींत उत्तर देणं होईना, म्हणून वेगळा धागा.

एसबीए, म्हणजे छोट्या धंद्यांना मदत करणारी अमेरिकी सरकारी संस्था, सहसा स्वतः कर्ज देतच नाही. कर्ज बँक देते, एसबीए त्याची हमी घेते. सेव्हन-ए या तिच्या मुख्य कर्जयोजनेत दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के हमी, त्यापुढच्याला ७५ टक्के. म्हणजे अर्ज जातो तो बँकेच्या माणसापुढेच. तो क्रेडिट स्कोअर बघणार, मागचे टॅक्स रिटर्न बघणार, घर कोणाच्या नावावर आहे ते विचारणार. धंद्यात २० टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या प्रत्येकाची वैयक्तिक हमी लागते. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ज्या कृष्णवर्णीय वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या, तिथल्या लोकांना घरकर्ज मिळणं फार अवघड होतं. त्यांच्या नातवंडांकडे तारण ठेवायला काय असणार?

मी अटलांटात चौदा वर्षं छोट्या धंद्यांचे हिशोब बघते. माझ्याकडच्या एक कृष्णवर्णीय बाई केसांच्या बारीक वेण्या घालून देतात. एकट्याच, हाताखाली कोणी नाही. २०२० च्या मार्चमध्ये दुकान बंद झालं. पीपीपीचे, म्हणजे कोविडमध्ये छोट्या धंद्यांना पगार चालू ठेवायला बँकांमार्फत दिलेल्या, माफ होऊ शकणाऱ्या सरकारी हमीच्या कर्जाचे अर्ज ३ एप्रिलला सुरू झाले, पण कामगार नसलेल्या स्वयंरोजगारवाल्यांसाठी १० एप्रिलपासून. योजनेचे पहिले ३४९ अब्ज डॉलर १६ एप्रिलला संपले. बाईंच्या वाट्याला सहा दिवस आले. अकरा वर्षं जिथे खातं होतं त्या बँकेने सांगितलं, आधी आमच्या कर्जदार ग्राहकांचे अर्ज, मग तुमचा. शेवटी मे महिन्यात एका ऑनलाइन कंपनीकडून पैसे आले. किती? ३,००० डॉलर! कारण हिशोब निव्वळ नफ्यावर होता. वर्षाचा नफा १४,४००, त्याची महिन्याची सरासरी गुणिले अडीच. मार्च २०२१ मध्ये नियम बदलून एकूण उत्पन्न धरायची मुभा आली, तसे बाईंना १०,००० मिळाले असते. पण ज्यांचं कर्ज आधीच मंजूर झालं होतं त्यांना वाढवून मिळणार नव्हतं. ती ओळ मीच बाईंना फोनवर वाचून दाखवली.

सडेतोड:
बाईंबद्दल वाईट वाटलं. पण मुद्दा वेगळा आहे. २००९ साली व्हर्जिनियात मी कंपनी काढली तेव्हा तीन बँकांनी मला परत पाठवलं. माझ्या आजोबांचं तरी कुठे घर होतं अमेरिकेत? दोन सुटकेसा घेऊन आलो होतो. पीपीपीच्या सुरुवातीच्या अर्जावर वंशाचा रकानाच नव्हता, मग बँकेला रंग कळला कुठून? छोटा माणूस मागे राहिला, गोरा असो की काळा. आणि ऑनलाइन कंपन्यांची बाजू घेताय तर हेही लिहा की संशयास्पद अर्ज त्याच दारातून जास्त आले. तो पैसा आपल्याच करातून गेला.

रातपाळी:
त्या दिवसांत मी एका बँकेत पीपीपीच्या कामावर होते, म्हणून लिहिते. सरकार बँकेला फी देत होतं. साडेतीन लाखांपर्यंतच्या कर्जावर ५ टक्के, त्यापुढे वीस लाखांच्या आतल्यावर ३ टक्के. आता गुणाकार करा. ३,००० च्या कर्जावर बँकेला १५० डॉलर, दहा लाखांच्या कर्जावर ३०,०००. दोन्ही फायलींना कागदपत्रं जवळजवळ तेवढीच. आम्हाला कोणी ‘काळ्यांचे अर्ज बाजूला ठेवा’ असं सांगितलं नाही. तसं सांगायची वेळच येत नव्हती.

पण बँकांना सरसकट शिव्या देऊ नका. नवीन ग्राहकाची ओळख पडताळायची तर दिवस जातात, आणि आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलो होतो. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. तो दाराबाहेर रडायचा आणि मी लोकांचे फॉर्म भरायचे. ते कोणी मोजत नाही.

जमाखर्च:
रातपाळी, तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाही. फीची ती रचना डिसेंबर २०२० मध्ये बदलली. लहान कर्जाला ५० टक्के किंवा २,५०० डॉलर, जे कमी असेल ते. म्हणजे चूक होती हे सरकारलाही पटलं.

सडेतोड, रकाना नव्हता तरी नाव, पत्ता, शाखेतली ओळख हे सगळं होतंच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी पीपीपीची कर्जं तपासली. जिथे अर्जाचा निर्णय माणसाऐवजी यंत्रणेने घेतला तिथे कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या कर्जांचं प्रमाण वाढलं. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० मध्ये चालू धंद्यांतले गोरे मालक १७ टक्क्यांनी घटले, कृष्णवर्णीय ४१ टक्क्यांनी. नुसतं ‘छोटा माणूस’ म्हणून एवढी तफावत कशी समजवाल? फसवणुकीचं म्हणणं मात्र खरं आहे. ते मी आधीच लिहायला हवं होतं.

नागसेनवन:
सडेतोडसाहेब, एक विचारतो. दोन वर्षांपूर्वी व्हिसाच्या धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतं की तुमची कंपनी एसबीएच्या एट-एमध्ये होती. सरकारी कंत्राटांत ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ मालकांसाठी राखून ठेवलेला तोच कार्यक्रम ना?

सडेतोड:
हो, होती. २०१२ ते २०२१, पूर्ण नऊ वर्षं. कायदेशीर अर्ज केला, कामं वेळेत दिली. काय चोरी केली?

नागसेनवन:
चोरी म्हटलं नाही. भारतीय उपखंडातले लोक वंचित गटांच्या त्या यादीत १९८२ साली आले. त्याआधी ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, त्या काळ्या लोकांच्या लढ्यातून ते दार उघडलं, आणि त्यातून तुम्ही आत गेलात. सामाजिकदृष्ट्या वंचित असल्याचं गृहीत धरलं गेलं, त्याचा पुरावा द्यावा लागला नाही. आणि आता त्याच लोकांना म्हणता की कर्ज हातात आणून देतात?

कोकणकडा:
वंचितपणा गृहीत धरणं हाच तर घोळ आहे. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या केंद्रीय न्यायालयाने ते बंद केलं ते योग्यच झालं. ज्याला त्रास झाला त्याने तो लिहून दाखवावा. आणि इथे जात आणायची नाही, आधीच सांगतो.

जमाखर्च:
लिहून दाखवावा म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. माझ्याकडे एक कृष्णवर्णीय इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहेत. त्या निकालानंतर एट-एसाठी त्यांना निवेदन लिहावं लागलं. कुठे, कधी, कोणी अपमान केला, त्यामुळे कोणतं काम हातचं गेलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस माझ्या टेबलासमोर बसून शाळेतल्या एका दिवसाबद्दल लिहीत होता. मध्येच उठून पार्किंगमध्ये गेला, तो वीस मिनिटांनी आला. मुलगी त्यांच्याच ऑफिसात बसते, म्हणून तिच्या नजरेला पडू नये अशा फोल्डरमध्ये तो कागद ठेवायला सांगितला.

नागसेनवन:
कोकणकडा, जात मी आणली नव्हती, पण आता आणतो. २०१७ साली स्टँड-अप इंडियातून मी पॅकेजिंगच्या युनिटसाठी २२ लाख मागितले. योजना तेव्हा १० लाख ते १ कोटीची होती, प्रत्येक शाखेने निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला कर्ज द्यायचं. पत हमीची सोयही होती. तरी शाखेत पहिला प्रश्न आला, "गावाकडे जमीन आहे का?" नाही म्हटलं. मग २५ टक्के मार्जिन, म्हणजे स्वतःचा वाटा, आधी दाखवा. पाच महिने, अकरा फेऱ्या. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना सबसिडीची सवय, हप्ता कोण भरणार?" ते कर्ज मी घेतलं नाही. मेहुण्याच्या पीएफवर युनिट काढलं. अटलांटाच्या त्या बाई मला न भेटताही माहीत आहेत.

कोकणकडा:
तुमच्या मॅनेजरचं बोलणं नीच होतं. त्याचं समर्थन नाही. पण माझ्या भावालाही मुद्रा कर्जासाठी असंच फिरवलं आणि त्याला जातीचा आधार नाही. त्याने कुठे जायचं, हे कोणीच सांगत नाही.

नागसेनवन:
त्याला फिरवलं, पण "तुम्हा लोकांना" म्हटलं का? एवढंच सांगा.

कोकणकडा:
नाही म्हटलं.

सडेतोड:
दिवसभर हे वाचतोय. ‘हातात आणून देते’ हे वाक्य मागे घेतो. फीचं गणित मला माहीत नव्हतं. एट-एचं म्हणाल तर नऊ वर्षांत मी कोणत्याही कृष्णवर्णीय माणसाला सब-कंत्राट दिलं नाही, कारण ओळखीत कोणी नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण वंशावर आधारलेल्या योजना कायम चालाव्यात हे मला आजही पटत नाही, आणि तीन बँकांनी मलाही परत पाठवलं होतं. ते खोटं ठरत नाही.

जमाखर्च:
ते खोटं आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

वेण्यांच्या दुकानाला आता शेजारचा गाळा घ्यायचाय. एसबीएच्या मायक्रोलोनचा अर्ज करतोय. ५०,००० पर्यंत मिळतं आणि ते बँकेऐवजी ना-नफा संस्थेमार्फत येतं. बाई २८,००० मागणार आहेत. रातपाळी, रोकड-प्रवाहाचा तक्ता एकदा डोळ्यांखालून घालाल का? नाव-पत्ता काढून व्यनि करते. सोमवारी द्यायचाय.

रातपाळी:
पाठवा. मागच्या दोन वर्षांच्या बँक स्टेटमेंटशी विक्रीचे आकडे जुळतायत का ते आधी बघून ठेवा. तिथेच अर्ज अडकतो.