‘जन पळभर म्हणतील’मधले न उतरवलेले कडवे

प्रश्न :
वडिलांच्या निधनानंतर त्यांची जुनी वही चाळताना भा. रा. तांबे यांची ‘जन पळभर म्हणतील’ ही कविता त्यांच्या हस्ताक्षरात सापडली. मात्र ‘मग काय अटकले मजशिवाय?’ या ओळीपाशी ते थांबले असून खाली अर्धे पान कोरे आहे. ‘अशा जगास्तव काय कुढावे’ हे शेवटचे कडवे नाही. त्या कडव्यावाचून ही कविता शांत राहते, की नुसती दुखावलेली वाटते?

प्रतिसाद १ :
माझ्या मते दुखावलेली. सूर्य तळपतील, सखेसोयरे डोळे पुसून पुन्हा कामाला लागतील, असे म्हणत कवी पुन्हापुन्हा प्रश्नावर येऊन थांबतो, आणि ‘नाही हो, तुमच्यावाचून अडते’ असे कुणी म्हणावे ही आस त्या प्रश्नांत दडलेली आहे. शेवटच्या कडव्यातले प्रश्न मात्र तो स्वतःलाच विचारतो. तिथे सूर बदलतो.

प्रतिसाद २ :
मला काळ महत्त्वाचा वाटतो. तांबे अलीकडच्या काठावरून बोलतात, म्हणून त्यांचे जग भविष्यकाळात आहे. सुरेश भटांच्या ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते’ या ओळीत सारे घडून गेलेले आहे. तक्रार आहे, पण ती मरणाविरुद्ध नसून जगण्याविरुद्ध आहे. तुकोबा तर ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ म्हणतात, आणि तेही सोहळा म्हणून, कारण तिथे मेला आहे तो मीपणा. त्यांना मागे काय उरेल याची चिंता पडतच नाही.

प्रतिसाद ३ :
मागे काय उरावे हे जाणाऱ्याच्या हाती क्वचितच असते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्या काम करता करता ओव्या म्हणत. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांच्या कवितांचे पुस्तक आले, तेही घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या होत्या म्हणून. तेव्हा कोऱ्या जागेतून वडिलांचा हेतू काढण्याची घाई करू नये, असे (थोड्या आगाऊपणाने) सुचवतो.

प्रश्नकर्ता :
आभार. वही पुन्हा पाहिली. पुढच्याच पानावर, त्याच शाईत, वीजबिलाचा हिशेब मांडलेला आहे. बहुधा कुणीतरी हाक मारली असावी आणि ते उठले असावेत.