बंद टर्बाइन म्हणजे वाया गेलेली वीज नव्हे

नर्मदेवरच्या ओंकारेश्वर धरणावर भर दुपारी टर्बाइनं बंद दिसली, म्हणजे ५२० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प नुसता पडून आहे, असं काही जण म्हणतात; ते मला मुळीच पटत नाही. पावसाळा सोडला तर पाणी मोजकंच. सौर वीज भरपूर असताना ते का संपवायचं? सूर्य मावळला आणि इथे इंदुरात घरोघरी दिवे-पंखे लागले की काही मिनिटांत जोर धरते ती जलविद्युतच. थंड पडलेल्या, कोळशावरच्या वीजनिर्मिती संचाला तासन्‌तास लागतात.

आणि एक गोष्ट या वादात कुणीच काढत नाही. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले (आम्हीही गच्चीवर पणत्या लावल्या होत्या), तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनं कोसळली. ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, वारंवारता (मागणी-पुरवठ्याचा तोल गेला की ती ढळते) ५० हर्ट्झच्या आसपास राखायला जलविद्युत केंद्रांनी अर्ध्या तासाच्या आत सुमारे १७,५०० मेगावॅट निर्मिती उतरवली आणि दिवे परत लागताच पुन्हा चढवली. ते जमावं म्हणून संध्याकाळी पाणी राखून, नऊच्या जरा आधी ही केंद्रं मुद्दाम चढ्या भारावर, म्हणजे जास्त निर्मितीवर, आणली होती. त्या रात्री पाणी राखलं नसतं, तर एवढा भार इतक्या झटपट उतरवायला दुसरं होतं काय?