तंबूऐवजी हॅमॉक: सह्याद्रीत आणि किनाऱ्यावर मुक्कामाला कितपत उपयोगी?

मुलुंडकर भटक्या (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेली १८ वर्षे मी मुंबईहून सह्याद्रीत भटकंती करतो आहे आणि मुक्कामासाठी आजवर दोन माणसांचा तंबूच वापरत आलो आहे. आता वय ५२ झाले असून, जमिनीवर कॅरीमॅट टाकून झोपले की सकाळी कंबर धरते. मागच्या हिवाळ्यात राजमाचीच्या वाटेवर सपाट जागा शोधता शोधता अंधार पडला आणि जी जागा मिळाली तिथे रात्रभर पाठीखाली दगड टोचत राहिले. तेव्हापासून दोन झाडांना बांधायचा हॅमॉक, म्हणजे झोपण्याची कापडी झोळी, घ्यावी असा विचार मनात घोळतो आहे.

घरून विरोध नाही, मात्र आईचे म्हणणे असे की झोळी तान्ह्या बाळासाठी ठीक. मोठ्या माणसाची पाठ त्यात धनुष्यासारखी वाकणारच. माझे वजन ८० किलो आहे. पाठ खरोखर सरळ राहते का, थंडीपावसात निभाव लागतो का आणि मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर तो रीतसर कुठे बांधता येतो, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

पट्टा आणि गाठ (उत्तर)

आपल्या आईंची शंका रास्त आहे, कारण बहुतेक जण हॅमॉक बांधताना तो खाटेसारखा ताणून घेतात आणि मग त्यात डोके एका टोकाला व पाय दुसऱ्या टोकाला अशा सरळ रेषेत झोपतात. तसे झोपल्यास पाठ वाकते, गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात आणि तासाभरात माणूस उठून बसतो. खरी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. हॅमॉक सैल बांधायचा, त्याला चांगला झोल द्यायचा आणि त्यात तिरपे झोपायचे, म्हणजे डोके मध्यरेषेच्या डावीकडे आणि पाय उजवीकडे, किंवा त्याच्या उलट. तिरपे झोपल्यावर कापड शरीराखाली पसरते आणि पाठ जवळजवळ सपाट होते. त्यासाठी कापडाला लांबी लागते. बाजारात मिळणारे पावणेतीन मीटरपर्यंतचे स्वस्त हॅमॉक दुपारी वाचत पडायला पुरतात. रात्रभर झोपण्यासाठी मात्र ३.३ मीटरच्या आसपासचा घ्यावा. जाळीचा तर घेऊच नये.

झोल किती असावा याचा ठोकताळा असा की, हॅमॉकचे टोक झाडाला बांधणारा पट्टा झाडापासून खाली येताना आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून तर्जनी आडवी धरली, तर दोन्ही बोटांची टोके जोडणारी कल्पित रेषा जवळपास हाच कोन दाखवते, त्यामुळे रानात कोनमापक लागत नाही. ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर जितके आपले वजन तितकाच ताण येतो, म्हणजे आपल्या बाबतीत ८० किलो. तोच कोन १० अंशांवर आणला की ताण २३० किलोपर्यंत जातो आणि ५ अंशांवर साडेचारशे किलोच्या वर. हौसेने घट्ट ताणलेल्या हॅमॉकची शिवण फाटते किंवा कोवळे झाड वाकते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

झाडांमधील अंतर ४ ते ५ मीटर असावे. ५ मीटरला पट्टा जमिनीपासून पावणेदोन ते दोन मीटरवर बांधला की बसल्यावर मधला भाग खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरवर येतो. त्याहून उंच बांधण्यात काहीही शहाणपणा नाही. सराव घरी करायचा असेल तर एक कळकळीची विनंती: गच्चीवरच्या विटांच्या खांबाला किंवा कठड्याला हॅमॉक कधीही बांधू नका. वर सांगितलेला ताण मुख्यतः आडवा असतो आणि विटांचे बांधकाम तो सोसत नाही. असा खांब झोपलेल्याच्या अंगावर कोसळून माणसे दगावली आहेत. छताच्या स्लॅबमध्ये झोपाळ्यासाठी बसवलेल्या जुन्या भक्कम कड्या असतील तर गोष्ट वेगळी.

किहीमची ओढ (उत्तर)

बांधण्याची पद्धत वर नीट सांगितलेली आहे, म्हणून मी जागा आणि झाडे यांविषयीच लिहिते.

पहिली अडचण मान्य करायला हवी की आपल्या किल्ल्यांच्या माथ्यावर हॅमॉकचा फारसा उपयोग नाही. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरावर दोन झाडे कुठून आणणार? गडमाथ्यासाठी तंबू किंवा गुहाच बऱ्या. हॅमॉकची खरी जागा माचीवर, पायथ्याच्या गावात आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात आहे. जमीन उताराची आहे की दगडांची, याचा हॅमॉकला काहीच फरक पडत नाही, त्यामुळे तुम्हाला राजमाचीच्या वाटेवर जो त्रास झाला तो टळेल.

परवानगीच्या बाबतीत मात्र मनात संदिग्धता ठेवू नका. येऊरचे जंगल घराजवळ असले तरी तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि आपल्या मर्जीने रात्र काढायची ती जागा नव्हे. कर्नाळा, तानसा, तुंगारेश्वर, फणसाड, भीमाशंकर ही अभयारण्ये आहेत आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊन राहता येत नाही. त्यामुळे मी नेहमी गावातल्या एखाद्या घरी जेवण सांगते आणि त्यांच्याच परसातल्या आंब्या-जांभळाखाली हॅमॉक बांधू का, असे विचारते. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. उलट कोणत्या फांदीवर मुंग्यांची घरटी आहेत, हे तेच सांगतात. देवराईत मात्र कोणी हो म्हटले तरी बांधू नये असे माझे ठाम मत आहे. जिथून गावकरी वाळकी काटकीही उचलत नाहीत, तिथे आपण झाडाला पट्टा आवळणे शोभत नाही.

झाड जिवंत, सरळ आणि निदान वीतभर व्यासाचे असावे. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा ही झाडे भरवशाची आहेत. शेवगा ठिसूळ असतो, सावर आणि पांगाऱ्याच्या खोडाला काटे असतात, माडाखाली नारळ पडण्याची भीती असते. वर पाहून वाळक्या फांद्या आणि आग्या मोहोळ नाही ना, याची खात्री उजेडातच करावी. मोहोळाखाली धूर केला तर पळायलाही वेळ मिळत नाही. पट्टा निदान अडीच सेंटिमीटर रुंद हवा. बारीक दोरी सालीत रुतते, आणि झाडाचे अन्न वाहून नेणारा जिवंत थर सालीच्या लगेच आतच असतो. खिळा ठोकण्याचा तर विचारही नको.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला उतरून अलिबागजवळच्या किहीमला जाणे मला सर्वांत सोपे वाटते. तिथेही वाडीच्या मालकाला विचारूनच बांधावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले तेव्हा या पट्ट्यातले असंख्य सुरू, माड आणि पोफळी आडवे झाले. वाळूतल्या झाडाची पकड किती फसवी असते ते मी त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले, म्हणून कलंडलेल्या किंवा मुळे उघडी पडलेल्या सुरूला मी पट्टा लावत नाही.

आणखी एक गोष्ट. वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, विजा होतात. ढग गडगडू लागले की हॅमॉक कितीही कोरडा असला तरी झाडाखालून उठून घरात जावे.

साम्रदची थंडी (उत्तर)

थंडीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. डिसेंबरमध्ये सांदण दरीजवळच्या साम्रद गावात एका परसात मी चांगली जाड स्लीपिंग बॅग घेऊन हॅमॉकमध्ये झोपलो आणि रात्री दोनला पाठ गारठून जाग आली. पोट गरम, पाठ बर्फासारखी. अंगाच्या भाराने बॅगेतले भरण दबले की त्यातली हवा निघून जाते आणि ऊब त्या हवेतच असते. तंबूत निदान खाली जमीन असते; इथे वारा थेट पाठीखालून वाहतो. मुंबईतून जाणाऱ्याला याची कल्पनाच नसते, कारण आपल्याकडे उकाड्यात ही हवा सुखाची वाटते.

उपाय दोन आहेत. दुपदरी हॅमॉक घेऊन दोन पदरांमध्ये कॅरीमॅट सरकवावी, म्हणजे ती रात्री अंगाखालून निसटत नाही. किंवा हॅमॉकच्या बाहेरून खाली हलकी रजई टांगावी. ती दबत नाही, म्हणून ऊब टिकते. माझ्या आत्याने एका जुन्या हलक्या दुलईच्या चारी कोपऱ्यांना नाड्या शिवून दिल्या आणि मी गेले तीन हिवाळे तीच वापरतो आहे. सुती गोधडी मात्र नेऊ नये. ती जड असते आणि दवाने भिजते.

हॅमॉकचा एक मोठा फायदा इथे सांगायलाच हवा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. जमिनीपासून वर झोपल्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. बूट मात्र खाली न ठेवता पट्ट्याला अडकवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत, कारण विंचू तिथेच लपतात. डास एकपदरी कापडातून खालूनही चावतात, त्यामुळे मच्छरदाणी हॅमॉकला चारी बाजूंनी वेढणारी असावी.

मुलुंडकर भटक्या

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे मी ३.३ मीटरचा दुपदरी हॅमॉक घेतला आणि मागच्या शनिवारी कर्जतजवळ मेहुण्यांच्या आमराईत पहिली रात्र काढली. सुरुवातीला पट्टा ताणूनच बांधला गेला होता आणि पाठ वाकली. मग झोल वाढवून तिरपा झालो, तेव्हा कितीतरी दिवसांनी उजाडेपर्यंत एका कुशीवर झोप लागली. सकाळी कंबर दुखली नाही, हे आईला फोन करून सांगितले. एक प्रश्न उरला आहे. पहाटे दव पडून कापड ओले झाले. पावसाळ्यासाठी वर ताडपत्री किती मोठी घ्यावी, आणि पट्ट्यावरून ओघळणारे पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे?

पट्टा आणि गाठ

३ मीटर बाय ३ मीटरची चौकोनी ताडपत्री घ्या आणि ती कर्णरेषेत बांधा. कर्णाची लांबी ४.२ मीटर भरते, त्यामुळे हॅमॉकची दोन्ही टोके झाकली जातात आणि उरलेले दोन कोपरे बाजूंना ताणता येतात. कोकणातला वाऱ्याबरोबरचा आडवा पाऊस असेल तर एवढी ताडपत्री अपुरी पडते. तेव्हा आयताकृती घेऊन तिच्या बाजू जमिनीपर्यंत उतरवाव्यात. पट्ट्यावरच्या पाण्यासाठी हॅमॉकच्या थोडे अलीकडे, पण ताडपत्रीच्या छायेत, पट्ट्याला सुती दोरीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडा. खोडावरून आलेले पाणी त्या तुकड्यावरून खाली ठिबकते आणि कापडापर्यंत पोहोचत नाही.