दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत गेलेले कोण कोण आहेत इथे?

पाणकोंबडी
काल माळा आवरताना कॅनव्हासचे जुने बूट सापडले. उचलले तर तळ खाली आणि वरचा भाग हातात. आत खडीचा एक तुकडा, जुलै २००९ चा!

पहाटे अंधारात कॅसलरॉक स्टेशनात उतरलो होतो, आठ जणं. तिथून दूधसागर बारा-चौदा किलोमीटर. ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, रुळांखालच्या दोन स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाचं नसतंच. प्रत्येकावर पाय टाकावा तर नव्या नवरीसारखं चालावं लागतं, एक सोडून टाकावा तर ढांग पुरत नाही. खडीत उतरलं की घोट्यांचा जीव जातो.

एका बोगद्यात शिट्टी ऐकू आली. भिंतीत रुळांवर काम करणाऱ्या गँगमनसाठी कोनाडे असतात, जेमतेम दोघांचे. आमच्यात आम्ही चौघं कोंबलेले. चढाची मालगाडी, डबे संपता संपेनात. संपले म्हणेस्तोवर मागून ढकलणारी इंजिनं आली आणि सगळा धूर आमच्या तोंडावर.

धबधबा आधी नुसता ऐकू आला. पुलावर उभं राहूनही समोर पांढरं धुकं. तासाभरानं पडदा सरकला, जेमतेम दहा मिनिटं. ३१० मीटर! मान दुखेपर्यंत वर बघत होते आणि शेजारून आवाज, "अगं डबा काढ ना." तुषार एवढे की हातातली पोळी भिजून लगदा झाली. तीच खाल्ली.

तुमचेही लिहा. दूधसागरच हवा असं नाही.

उनाड_पुणेकर
जळवा विसरलात???

पाणकोंबडी
विसरले नाही, जेवणाची वेळ आहे म्हणून लिहिल्या नाहीत :)

उनाड_पुणेकर
मी लिहितो मग. मोज्याला तंबाखू-मीठ चोळून गेलो होतो. पायाला एकही नाही. मिरजेला परतीच्या गाडीत समोरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, कानामागं काय रे लोंबतंय?"

शिळा_भात
ईईई. कुकर लावून वाचत होते.

कुळेकार
आमच्या गावचो विषय! दादा-ताईंनो, आता रुळांवरून येऊ नका हां, मनाई आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून गोव्यातल्या आमच्या कुळ्याहून जीप सुटतात, अभयारण्यातून, वाटेत ओहोळ पाण्यातूनच पार करतात. खाली डोहात उतरायला लाइफ जॅकेट लागतं. पण खरं सांगू? पावसातला दूधसागर बघायचा तर गाडीच्या खिडकीतून. कुळ्याहून वर जाताना उजव्या-डाव्याचा वाद घालू नका, दारात उभ्या माणसाला पण भिजवतो तो.

खडूस_मामा
मनाईवरून आठवलं. जुलै २०२३ ला तिथे रुळांवर गेलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला होता ना? त्यात आमचा भाचा. घरी सांगून गेला होता "मित्राकडे अभ्यासाला". ताईनं पाठमोरा ओळखला, पोंचो तिचाच होता.

उनाड_पुणेकर
घरी परत किती काढाव्या लागल्या? =))

खडूस_मामा
ते विचारू नका. पोंचो मात्र जप्त आहे.

रानवारा७
मी देवकुंड धबधब्याचं लिहिणार होतो. भिऱ्याहून जंगलातली वाट, निळंशार पाणी वगैरे. पण आम्ही गेलो त्या दिवशी परतताना ओढा वाढला. सकाळी घोटाभर होता, तीन वाजता कमरेच्या वर. डोक्यावर पाऊसही नव्हता, वर डोंगरात कुठेतरी पडला असणार. सोबतच्या गावातल्या काकांनी दोन तास बसवून ठेवलं, आमच्यातला एक त्यांच्याशी भांडला. काका नुसते बिडी ओढत म्हणाले, "पाणी जाईल. तू राहा." बाकी नंतर लिहितो, मीटिंग आहे.

शिळा_भात
अंगावर काटा आला.

लोंढा_जंक्शन
माझं बालपण कॅसलरॉकचं, बाबा रेल्वेत. मीटरगेज होतं तेव्हा. तुम्ही म्हणता ती मागची इंजिनं आमच्यासाठी घड्याळ होती. तो घाट १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ढकलल्याशिवाय गाडी चढत नाही. १९६१ पर्यंत पलीकडे गोव्यात पोर्तुगीज, त्यामुळे आमच्या स्टेशनात सामानाची झडती व्हायची, असं आजोबा सांगायचे.

धबधब्याचं कौतुक आम्हाला कधीच नव्हतं हो. चार महिने कपडे वाळायचे नाहीत हे खरं दुखणं. शेगडीवर टोपली पालथी घालून आई त्यावर गणवेश वाळवायची. वर्गात सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास, त्यामुळे कोणी कोणाला नावं ठेवायचं नाही.

पाणकोंबडी
किती छान! वेगळा धागा काढा ना यावर.

शिळा_भात
आमच्याकडे कोकणात पण हेच, बाळाच्या लंगोटांना. टोपली वेताची की बांबूची?

लोंढा_जंक्शन
बांबूची. एकदा जळाली, बाबांच्या युनिफॉर्मच्या पँटसकट. त्या दिवशी ते लुंगीवर ड्युटीला गेले.