मदत हवी आहे: कांदिरू माशाला सावज सापडतं ते वासावर की नजरेवर?

मंडळी, अडकले आहे. भाची नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी 'परजीवी' विषय मिळाला, तर जळू-गोचीड सोडून बाईसाहेबांनी थेट ॲमेझॉनचा कांदिरू निवडला. मोठ्या माशांच्या कल्ल्यांत शिरून रक्त पिणारा, काडीसारखा बारीक, आरपार दिसेल असा कॅटफिश.

तक्त्यावर तिने लिहिलंय: 'मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, त्या वासाच्या मागावर कांदिरू येतो.' बहुतेक ठिकाणी हेच सापडतं. पण एका ठिकाणी वाचलं की प्रयोगात हे टिकलं नाही. मग गढूळ नदीत त्याला सावज सापडतं कसं? प्रदर्शन सोमवारी आहे.

प्रतिसाद १
तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. २००१ साली स्टीफन स्पॉट आणि सहकाऱ्यांनी टाकीतल्या कांदिरूंना अमोनिया, अमिनो आम्लं, माशाच्या अंगावरचा ताजा बुळबुळीत स्राव असं सगळं देऊन पाहिलं. ढिम्म! जिवंत मासा समोर आला की मात्र हल्ला. म्हणून त्यांनी कौल नजरेच्या बाजूने दिला. अमोनियाची गोष्ट ऐकायला पटते, पण नदीत सगळेच मासे अमोनिया सोडतात. नुसत्या त्या वासावर कुठे जाणार?

गढूळपणाचं म्हणाल तर ॲमेझॉनचं सगळं पाणी सारखं नाही. सोलिमोईस नदी गढूळ, रिओ नेग्रो नदी चहासारखी काळसर. ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ दोन्ही मिळतात. शिवाय टाकीतला प्रयोग टाकीपुरताच, हेही तक्त्यात लिहा.

प्रतिसाद २
शोधण्यापेक्षा शिरण्याची तयारी जास्त भारी आहे, त्याला जागा द्या. कोळीण ताजा मासा दाखवताना कल्ल्याचं झाकण उचलते ना, आत लालभडक? रक्त तिथेच, पातळ पडद्याआड. मासा श्वास घेताना झाकण उघडमीट करतो, तेवढ्या फटीतून कांदिरू आत जातो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर मागे वळलेले काटे असतात, ते रुतवून टिकून राहतो. सुईसारख्या दातांनी धमनी फोडायची, पुढचं काम सावजाच्या रक्तदाबाचं. २००३ च्या निरीक्षणात तांबाकी माशांवर हे अर्ध्या मिनिटापासून जेमतेम अडीच मिनिटांत उरकत होतं. पोट फुगून लाल झालेलं बाहेरूनच दिसतं! 'शोषतो' लिहिलं असेल तर बदला, त्याला फारसं शोषावं लागत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. 'शोषतो' लिहिलं होतंच. आणि तो माणसाच्या लघवीच्या वासावर येतो, धारेतून वर चढून अंगात शिरतो म्हणतात, ते?

प्रतिसाद १
सोडा ते. तीही वासाचीच गोष्ट, आणि वासाचं काय झालं ते वर आलंच. धारेतून पोहत वर चढणं तर त्या जिवाच्या ताकदीबाहेरचं. नववीच्या तक्त्यावर घेतलंत तर परीक्षक सोडून सगळी मुलं तेवढंच विचारतील.

धागाकर्ती
ते ऐकून भाची जरा हिरमुसली, तोच तिचा हुकमी एक्का होता. पण 'अमोनियाच्या वासा'वर पांढरा कागद चिकटवून झालाय. आता झाकणावरचे काटे मोठे करून काढतेय, मासा मात्र साळिंदरासारखा दिसायला लागलाय.